एकशे पस्तीस अंश

सुनंदाबाईंना कुणी विचारलं, "तुम्ही काम काय करता?" तर त्या सांगत, "वस्तू म्हाताऱ्या करते." समोरचा माणूस हसे. त्या हसत नसत. वीस वर्षं एकच उत्तर देऊन त्यातली गंमत संपून गेली होती, आणि उत्तर तसं खरंच होतं.

जळगावच्या एमआयडीसीत, पाइपांच्या आणि प्लास्टिक चटयांच्या कारखान्यांमागच्या रांगेत प्रेमचंदशेठची छोटी लॅब होती. प्लास्टिक आणि रबर किती टिकेल, हे तिथे तपासत. सुरुवातीला आजूबाजूच्या कारखान्यांचे पाइप येत, मग दूरदूरहून वायरी यायला लागल्या. मागच्या खोलीत कपाटाएवढी एक विजेची भट्टी होती. लॅबमधले बाकीचे तिला ओव्हन म्हणत, सुनंदाबाई भट्टीच म्हणत. वायरीच्या वेष्टनाचे डमरूच्या आकाराचे तुकडे तिच्यात टांगायचे, एकशे पस्तीस अंशांवर दार बंद करायचं, आणि सत्तेचाळीस दिवस ती उष्णता हलू द्यायची नाही. सत्तेचाळीस दिवसांनी बाहेर आलेला तुकडा चाळीस वर्षं वापरलेल्या वायरीइतका जुना झाला, असं धरत. मग तिथलीच टेक्निशियन ज्योती तो ओढायच्या मशीनला लावी. तुटण्याआधी मूळ लांबीच्या निम्म्याने तरी ताणला गेला तर वायर पास, नाहीतर नापास.

या वायरी घरातल्या दिव्या-पंख्यांच्या नव्हत्या. प्रेमचंदशेठचा मुलगा अमन सगळा बाहेरचा व्यवहार बघायचा, त्याने पहिल्यांदा हे काम आणलं तेव्हा सुनंदाबाईंना नीट बसवून सांगितलं होतं. "अक्का, अणुवीज केंद्रात आत काय चाललंय ते माणूस जाऊन पाहू शकत नाही. उष्णता किती, दाब किती, पाणी कुठपर्यंत आहे, हे आतली यंत्रं सांगतात, आणि त्यांचं सांगणं या वायरींमधून बाहेरच्या खोलीत येतं. वायर वाळली, तडकली, की एकतर ती गप्प बसते, नाहीतर चुकीचं सांगते. आणि चाळीस वर्षं तिला कुणी बदलायला सहजासहजी जाऊ शकत नाही. म्हणून ती आधी इथे म्हातारी करून बघायची."

"गप्प बसली तर कळेल तरी," सुनंदाबाई तेव्हा म्हणाल्या होत्या.

"बरोबर. चुकीचं सांगणारी जास्त वाईट."

सुनंदाबाई मूळच्या पहूरच्या. दहावीला गणितात राहिल्या, लग्न होऊन जळगावला आल्या. नवरा कौतिक एसटीच्या वर्कशॉपमध्ये. मुलगी मयुरी शाळेत जायला लागली तेव्हा त्या या लॅबमध्ये झाडलोटीला लागल्या. भट्टीजवळ बसून दर तासाला मीटरवरचा आकडा वहीत उतरवायचा, हे काम तेव्हा एका डिप्लोमावाल्याकडे होतं. तो दुपारी झोपायचा आणि उठल्यावर पाच तासांचे आकडे एकदम लिहून टाकायचा. एकदा वीज गेली, भट्टी दोन तास थंड पडली, आणि त्याच्या वहीत मात्र ती तापलेलीच राहिली. प्रेमचंदशेठनी त्याला काढून टाकलं आणि झाडू बाजूला ठेवून सुनंदाबाईंना त्या खुर्चीवर बसवलं. "गणित येत नाही शेठ मला," त्या म्हणाल्या. शेठ म्हणाले, "गणित मी करतो. तुम्ही जे दिसेल ते लिहा."

तेव्हापासून त्या दिसेल ते लिहीत आल्या. सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, तासागणिक एक आकडा आणि पुढे आपली सही. रात्रीचे आकडे वॉचमन मोबाइलवर फोटो काढून ठेवी, ते सकाळी आल्या आल्या त्या उतरवून घेत.

ही गोष्ट घडली त्या वर्षी त्यांना अठ्ठावन्न पूर्ण होत होती. तीस जूनला काम सोडायचं हे ठरलं होतं. मयुरी धुळ्याला देवपुरात राहायची. तिने खालच्या मजल्यावरची खोली रंगवून ठेवली होती आणि दर रविवारी फोनवर विचारायची, "आई, सामान बांधायला घेतलं का?" सामान बांधायचं त्राणच सुनंदाबाईंत नव्हतं. पिंप्राळ्यातून निघायचं, अजिंठा चौफुलीवर रिक्षा बदलायची, आणि त्या खोलीत जाऊन बसायचं, एवढ्यानेच अंग गळून जाई. मे महिन्यात जळगावचं ऊन पंचेचाळीस अंशांवर, आणि पाठीशी ती भट्टी. संध्याकाळी चपला काढल्या की पट्ट्यांचे वळ पायावर तासभर तसेच राहत. घरी कौतिक खिचडी करून ठेवत. निवृत्तीनंतर त्यांनी तेवढं एक काम शिकून घेतलं होतं. दोघं गुपचूप जेवत आणि नऊला झोपून जात.

मे महिन्याच्या त्या फेरीत भट्टीत पिवळट पांढऱ्या वेष्टनाचे तुकडे होते. असे तुकडे त्यांनी पुष्कळदा म्हातारे केले होते. पंधराव्या दिवसाच्या आसपास ते गव्हाच्या रंगावर येत, पंचविसाव्याला फिक्या चहासारखे होत, आणि मधल्या तपासणीसाठी दार उघडलं की एक आंबूस वास नाकात जाई. या वेळी पंचविसावा दिवस झाला तरी रंग गव्हाच्या पुढे सरकला नव्हता. वासही नव्हता.

आधी त्यांनी स्वतःवरच शंका घेतली. करोना होऊन गेल्यापासून नाक पहिल्यासारखं राहिलं नव्हतं. डोळ्यांचा चष्माही बदलायचा होता. त्यांनी ज्योतीला बोलावलं.

"ज्योती, हा रंग बघ गं. तुला कसा वाटतो?"

ज्योतीने तुकडा खिडकीजवळ नेऊन पाहिला. "चांगला आहे की. नवीन माल असेल अक्का, सुधारला असेल."

"पिशवीवर मालाचा नंबर जुनाच आहे."

"मग काय माहीत. मीटर तर एकशे पस्तीसच दाखवतंय."

मीटर एकशे पस्तीसच दाखवत होतं. लाल आकडे, कधी १३५.० तर कधी १३५.१. भिंतीवर त्या मीटरचं प्रमाणपत्र फ्रेममध्ये लावलेलं होतं, डिसेंबरपर्यंत वैध.

लॅबच्या कपाटात पारा भरलेला काचेचा एक लांब थर्मामीटर होता. प्रेमचंदशेठनी अगदी सुरुवातीला, मोठं मीटर नव्हतं तेव्हा, तो घेतला होता. पुढे त्याची गरजच पडली नाही. दुसऱ्या दिवशी सुनंदाबाईंनी तो पुसून घेतला, भट्टीच्या माथ्यावर हवा जायचं भोक असतं त्यातून आत सोडला आणि अर्धा तास थांबल्या. पारा एकशे एकोणतीसवर उभा राहिला. त्यांनी तो काढला, पुन्हा घातला. एकशे एकोणतीस.

जुना झालाय, बिघडला असेल, असं त्यांनी मनाशी म्हणून पाहिलं. खरं तर तसं असतं तर बरं झालं असतं. मग लॅबच्या चहाच्या गॅसवर पातेलंभर पाणी ठेवून त्यांनी ते खळखळ उकळवलं आणि थर्मामीटर त्यात धरला. पारा शंभरच्या खाली केसभर जाऊन थांबला. पाणी कुणाच्या प्रमाणपत्राची वाट बघत नाही. ते उकळतं तिथेच उकळतं. थर्मामीटर खरा होता.

त्या दिवशी लॅबमध्ये त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. सहाला निघाल्या, रिक्षात बसल्या. सहा अंश म्हणजे काय हे त्यांना गणित न येताही कळत होतं, कारण अमनने कितीदा तरी सांगितलं होतं की दहा अंश कमी झाले तर वस्तू निम्म्याच वेगाने म्हातारी होते. म्हणजे चाळीस वर्षांचा शिक्का मारलेले तुकडे प्रत्यक्षात सव्वीस-सत्तावीस वर्षांचेच झाले असणार. तेही या फेरीचे. आधीच्या फेऱ्यांचं काय? भट्टी कधीपासून थंड चालली होती?

घरी कौतिकांनी ताट वाढलं. ते मूळचे धुळ्याकडचे, घरात अहिराणीच बोलत.

"काय व्हयनं? तोंड काबर उतरेल शे?"

सुनंदाबाईंनी सगळं सांगितलं. कौतिकांनी शांतपणे ऐकून घेतलं. वर्कशॉपमध्ये तीस वर्षं काढलेला माणूस, यंत्राच्या गोष्टी त्यांना फोड करून सांगाव्या लागत नसत. मग ते म्हणाले, "जून महिनाले निंघानं शे ना तुले? मंग काबर बोलस? गुपचूप ऱ्हाय. बठ्ठं ते लोकं देखी लेतीन."

"कोण बघणार? त्यांना माहीतच नाही."

"तू बी थकनी, मी बी थकनू. आते धुळे जावानं, बस."

ते रागाने बोलत नव्हते. खरोखरच थकले होते, आणि त्यांना धुळ्याला जायचं होतं. सुनंदाबाईंनाही जायचं होतं. ताटातली खिचडी त्यांनी कशीबशी संपवली.

"माह्या हातचे आकडे आहेत ते," त्या शेवटी म्हणाल्या. "रोजचे दहा-दहा. समोर सही."

कौतिकांनी त्यांच्याकडे पाहिलं आणि ताटं उचलली. "तुले जे करनं व्हई ते कर," एवढंच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी अमन केबिनमध्ये आल्यावर त्या गेल्या. अमनने ऐकून घेतलं, पण त्याचा चेहरा हळूहळू आखडत गेला.

"अक्का, तो थर्मामीटर वीस वर्षांहून जुना आहे. त्याला कुठलं प्रमाणपत्र नाही. आणि मीटर गेल्या डिसेंबरात तपासून घेतलंय. माणूस येऊन गेला, तुम्ही इथेच होतात."

"होते ना. अर्धा तास होता. भट्टीच्या मागे गेलाच नाही तो, समोरच मीटरला तपासायची पेटी जोडली आणि कागद दिला."

"पद्धत असते त्यांची."

"असेल. पण मी पाणी उकळून पाहिलं, अमनभाऊ."

अमनने कपाळ चोळलं. बिचाऱ्याची झोपमोड वेगळ्याच कारणांनी चालू होती. पुढच्या महिन्यात वायरीच्या कंपनीचे लोक लॅबची तपासणी करायला येणार होते, आणि ती पार पडली तर तीन वर्षांचं काम मिळणार होतं. "ही फेरी होऊ द्या," तो म्हणाला. "वीस दिवस राहिलेत. मग बघू. तोवर कुणाजवळ काढू नका."

सुनंदाबाई परत येऊन खुर्चीवर बसल्या. दहा वाजले. त्यांनी वही उघडली, मीटरकडे पाहिलं, आणि १३५ लिहिलं. पेन तसंच धरून ठेवलं. मग शेजारच्या रकान्यात, जिथे वीस वर्षांत त्यांनी 'वीज गेली' आणि 'दार उघडले' याशिवाय काही लिहिलं नव्हतं, तिथे लिहिलं: 'काचेचा थर्मामीटर १२९.' पुढे सही. अकरा वाजता तेच. बारा वाजता तेच. थर्मामीटर त्यांनी भोकातून काढलाच नाही.

यात त्यांना शौर्य वगैरे काही वाटत नव्हतं. उलट कंटाळा आला होता, आता हे सगळं अंगावर येणार याचा. पण दिसेल ते लिहायचं सोडून दुसरं काम त्यांना येतच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी अमनने वही पाहिली. तो मागच्या खोलीत आला तेव्हा त्याच्या हातात ती उघडीच होती.

"हे काय आहे, अक्का? तपासणीवाले हीच वही मागणार! शाईने लिहिलंय तुम्ही!"

"वहीत शाईनेच लिहायचं, असं तुम्हीच सांगितलं होतं."

"मी तुम्हाला थांबा म्हटलं होतं ना?"

"बोलू नका म्हटलात. मी कुणाशी बोलले नाही."

अमनचा आवाज चढला. ज्योती मशीन बंद करून दारात येऊन उभी राहिली. त्या आवाजाने प्रेमचंदशेठ बाहेरच्या खोलीतून आले. चौऱ्याहत्तर वर्षांचे, पांढरा सदरा, हातात काठी. आता ते रोज सकाळी दोन तास येऊन नुसते बसत, व्यवहारात बोलत नसत. त्यांनी हात पुढे केला. अमनने वही दिली. शेठनी चष्मा नाकावर सरकवून तीन दिवसांची पानं सावकाश वाचली, एकेका ओळीवर बोट फिरवत.

"पाणी ठेवा," ते ज्योतीला म्हणाले.

पाणी उकळलं. शेठनी स्वतः थर्मामीटर धरला, पारा पाहिला, मग भट्टीत सोडून स्टुलावर अर्धा तास बसून राहिले. अर्ध्या तासाने त्यांनी वाकून पाहिलं आणि अमनला म्हणाले, "नाशिकहून चांगला सेन्सर मागव. भाड्याने. कागदासकट."

दोन दिवसांनी सेन्सर आला. आकडा निघाला एकशे अठ्ठावीस पूर्णांक आठ.

मग भट्टी बंद करून मागचं झाकण उघडलं. भट्टीच्या आत उष्णता मोजणारी एक सळई असते, तिच्या दोन वायरी मागच्या बाजूने मीटरकडे येतात. त्या जिथे स्क्रूने आवळलेल्या होत्या, तिथे हिरवा गंज फुलला होता. अमनने इंजिनिअरिंग केलेलं, त्याला पाहताच उलगडलं. गंजाने त्या जोडातून वीज जायला अडथळा वाढला, आणि मीटर तो अडथळाच मोजत असल्याने त्याला वाटत राहिलं की आत उष्णता जास्त आहे. म्हणून ते भट्टीचं तापणं आधीच थांबवायचं. दरवर्षी येणारा माणूस मीटरलाच पेटी जोडून मीटर तपासायचा, सळई आणि तिचा जोड कधी तपासलाच नव्हता. मीटर निर्दोष होतं. त्याच्यापर्यंत येणारी बातमी चुकीची होती.

"पण गंज कसा चढला?" ज्योती म्हणाली. "जळगावात हवा एवढी कोरडी."

कुणी उत्तर द्यायच्या आत सुनंदाबाईंची नजर खिडकीकडे गेली. खिडकीत कूलर होता. तीन उन्हाळ्यांपूर्वी भर दुपारी त्यांना चक्कर आली होती, तेव्हा त्यांनीच भीत भीत शेठना म्हटलं होतं, एक कूलर बसवता आला तर. आठवड्याच्या आत कूलर आला. त्याची ओली, गार हवा त्यांच्या खुर्चीवरून सरळ भट्टीच्या पाठीमागे जात होती. तीन उन्हाळे.

"माझ्यामुळे झालं हे," त्या म्हणाल्या.

प्रेमचंदशेठ म्हणाले, "कूलर मी आणला. कुठे लावायचा ते मी बघायला पाहिजे होतं." आणि काठी टेकत बाहेर जाऊन बसले.

कूलरमुळे एक मात्र झालं, तारीख सापडली. कूलर बसला त्या दिवसापासून या वायरींचे सात संच भट्टीतून गेले होते आणि सातही पास म्हणून कळवले होते. गंज हळूहळू वाढला असणार. कुठल्या फेरीत एक अंश कमी होता आणि कुठल्या फेरीत सहा, हे सांगायला काही साधन नव्हतं. म्हणजे सातही संशयाचे.

अमनने कंपनीला पत्र लिहिलं. ते लिहायला त्याला दोन दिवस लागले. लिहून झाल्यावर तो मागच्या खोलीत आला आणि दारातूनच म्हणाला, "पाठवलं." मग वळून गेला. पुढे कितीतरी आठवडे तो सुनंदाबाईंशी कामापुरतंच बोलला.

कंपनीतून एक साहेब आले. चाळिशीतले, शांत, हिंदी बोलणारे. सुनंदाबाईंना समोर बसवून त्यांनी दोन तास विचारलं, रंग केव्हा पाहिला, वास कसा असतो, पाणी किती वेळ उकळलं. सुनंदाबाईंनी मोडक्या हिंदीत सांगितलं. साहेबांनी सगळं लिहून घेतलं. शेवटी सुनंदाबाईंनी विचारलं, "साहब, वो वायर उधर लग गयी क्या?"

दोन संचांच्या वायरी केंद्रावर पोचल्या होत्या, असं साहेबांनी सांगितलं. अजून बसवल्या नव्हत्या. आणि बसवल्या असत्या तरी घाबरायचं कारण नव्हतं, कारण तिथे त्याच वायरींचे जादा तुकडे त्याच जागी ठेवतात, दर काही वर्षांनी एकेक काढून तपासतात. "कोई एक कागज के भरोसे नहीं बैठता, माताजी," ते म्हणाले. "लेकिन कागज सही होना चाहिए."

मूळ नमुने लॅबच्या कपाटात राखून ठेवलेले होते. सातही संच पुन्हा म्हातारे करायचे ठरलं. त्यासाठी शेजारच्या खोलीत आणखी एक भट्टी भाड्याने आणून बसवली; दोन भट्ट्यांत वाटून, दोन फेऱ्यांत. जोड बदलले, कूलर दुसऱ्या भिंतीला नेला, दोन्ही भट्ट्यांत दुसरा स्वतंत्र सेन्सर बसवला. आणि या सगळ्याला लागणार होते जून ते सप्टेंबर.

अमनने सुनंदाबाईंना थांबायला सांगितलं नाही. त्याला ते सांगणं अवघड जात होतं. ज्योतीच म्हणाली, "अक्का, तुम्ही जूनमध्ये गेलात तर दोन भट्ट्या मी एकटी कशी सांभाळू? मशीन कोण बघेल?"

त्या रविवारी मयुरीचा फोन आला. सुनंदाबाई म्हणाल्या, "सप्टेंबर अखेरीस येतो आम्ही."

"आई, का पण? कुणी आभार मानले का तुझे?"

"आभाराचं काय घेऊन बसलीस? काम अर्धं राहिलंय."

मयुरीने फोन वडिलांना द्यायला सांगितला. कौतिक बराच वेळ कानाला फोन लावून नुसते हं हं करत राहिले. फोन ठेवल्यावर एवढंच म्हणाले, "चार महिना आखो." आणि दुसऱ्या दिवसापासून सकाळचा डबाही तेच करायला लागले. तिखट थोडं जास्त पडे. सुनंदाबाईंनी कधी म्हटलं नाही.

ते चार महिने कसे गेले हे सुनंदाबाईंना नीट आठवत नाही. दोन भट्ट्या, चार सेन्सर, तासाला चार आकडे. एका खोलीतून दुसऱ्या खोलीत जायचं, वाकायचं, पाहायचं, लिहायचं. पाऊस सुरू झाला, मग थांबला, मग एमआयडीसीच्या रस्त्यावर इतकं पाणी साचलं की रिक्षावाले आत यायला तयार नसत आणि अर्धा किलोमीटर चिखलातून चालावं लागे. एकदा त्या खुर्चीवर बसल्या बसल्या झोपल्या आणि दचकून जाग्या झाल्या, तेव्हा तीनचा आकडा लिहायचा राहून साडेतीन झाले होते. त्यांनी लिहिलं, 'तीनचा आकडा घेतला नाही, झोप लागली.' पुढे सही. ज्योतीने ते पाहून डोक्याला हात लावला.

"असं कुणी लिहितं का अक्का?"

"लागली ना पण."

सप्टेंबरमध्ये तुकडे बाहेर निघाले. या वेळी रंग होता, आणि दार उघडताच तो आंबूस वासही आला. त्यांचं नाक शाबूत होतं. ज्योतीने एकेक तुकडा मशीनला लावला. सातांपैकी सहा संच पास झाले, पहिल्यापेक्षा थोडे कमी पण पास. सातवा काळ्या वेष्टनाचा होता. पहिल्या वेळी तो अठ्ठावन्न टक्के ताणला गेला होता. आता एक्केचाळीसला तुटला. ज्योतीने दुसरा तुकडा लावला, तिसरा लावला. पाचही तुकडे चाळीसच्या आगेमागे तुटले.

अमन मशीनजवळ येऊन उभा राहिला. तुटलेले तुकडे त्याने हातात घेतले, बोटांनी वाकवून पाहिले. वाकवताच कडेला बारीक तडे गेले.

"केंद्रावर पोचलेल्या दोनांपैकी एक हाच आहे," तो म्हणाला.

कंपनीने ती रिळं परत मागवली. तीन वर्षांचं काम लॅबला मिळालं नाही. एक वर्ष तुमचे अहवाल आम्ही दुसरीकडून पडताळून घेऊ, मग ठरवू, असं उत्तर आलं. साहेबांच्या पत्रात सुनंदाबाईंचं नाव नव्हतं. 'प्रयोगशाळेच्या कर्मचाऱ्याच्या निदर्शनास आल्यानुसार' एवढंच होतं. अमनने ते मराठी करून वाचून दाखवलं. सुनंदाबाईंनी मान हलवली.

त्यांचा शेवटचा दिवस सोमवार होता. निरोप समारंभ वगैरे झाला नाही, तशी हवाच नव्हती. प्रेमचंदशेठच्या पत्नी पानबाई दुपारी स्वतः आल्या, साडी आणि नारळ देऊन ओटी भरून गेल्या. संध्याकाळी अमन त्यांना गाडीतून पिंप्राळ्यापर्यंत सोडायला आला. गल्लीच्या तोंडाशी गाडी थांबवल्यावर म्हणाला, "अक्का, मी त्या दिवशी ओरडलो."

"ओरडलात खरं."

"तपासणी तशीच झाली असती तर काम मिळालं असतं आपल्याला. रोज मनात येतं."

"येणारच," सुनंदाबाई म्हणाल्या. दार उघडायला त्यांना जड जात होतं, अमनने उतरून ते उघडून दिलं.

धुळ्याला आल्यावर पहिले पंधरा दिवस त्या झोपूनच होत्या. त्यांना वाटलं होतं, झोप पुरी झाली की शीण जाईल. तो गेला नाही. मयुरीने डॉक्टरकडे नेलं, रक्त कमी निघालं, थायरॉइडही निघालं. गोळ्या सुरू झाल्या. डॉक्टरांनी विचारलं, असं किती दिवसांपासून वाटतंय? सुनंदाबाईंना सांगता आलं नाही. दोन-तीन वर्षं असेल, त्या म्हणाल्या. डॉक्टर म्हणाले, "एवढे दिवस कळलं कसं नाही?" कौतिक शेजारीच बसले होते. ते खाली बघत म्हणाले, "काम होतं हो."

जानेवारीत एका सकाळी ज्योतीचा फोन आला. भट्टीजवळच्या खुर्चीवर आता नवीन बाई बसवली आहे, पण ती आकडे पूर्णांकात लिहिते, दशांश सोडून देते, तिला कसं समजावू, म्हणून विचारत होती. सुनंदाबाई ओट्याशी उभ्या राहून मेथी निवडत होत्या. पाच मिनिटं त्यांनी समजावून सांगितलं, मग पाय दुखायला लागले म्हणून स्टूल ओढून बसल्या आणि पुढचं बसून सांगितलं.

"आणि रंग बघायला शिकव तिला," त्या म्हणाल्या. "मीटर बघणं कुणीही शिकतं."

ज्योती हो म्हणाली. दाराशी कौतिक सकाळची गोळी घेऊन उभे होते, फोन संपायची वाट बघत. सुनंदाबाईंनी गोळी घेतली, पाणी प्यायल्या आणि उरलेली मेथी पुढे ओढली.